हातवाटा

मापाडीनं तेवीस टक्के सांगितले तेव्हा हेमांगी हुपरीकरनं आधी काच पुसली, मग यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, आणि मग तिसऱ्यांदा चित्र आत सरकवलं. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या चित्रांचे भाव ठरवणाऱ्या बाईला हे शोभत नव्हतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनं त्याला चारचौघांत सुनावलं असतं की आकडा आवडला नाही म्हणून काटा खोटा ठरत नाही. पण हे चित्र तिच्या घरचं होतं. तिसऱ्यांदाही पडद्यावर तेच उमटलं: रॉय हॅलस्टेड, तेवीस टक्के. दुसरा हात, अज्ञात, सत्त्याहत्तर टक्के.

यंत्राचं कागदोपत्री नाव चांगलं दीड ओळीचं होतं. लिलावघरातल्या मराठी मंडळींनी मार्केट यार्डात पोती मोजणाऱ्या माणसावरून त्याला मापाडी म्हणायला सुरुवात केली, आणि महिनाभरात परदेशी इंजिनिअरही तेच म्हणू लागले. त्यामागचं विज्ञान तसं सरळ होतं. स्थिर हात जगात कुणाचाच नसतो. अगदी धडधाकट माणसाचा हातसुद्धा सेकंदाला आठ-दहा वेळा थरथरतो, डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक. ही थरथर मनगटाच्या हाडांवर, स्नायूंच्या ताणावर आणि मेंदूचा आदेश बोटांपर्यंत पोचायला लागणाऱ्या वेळावर ठरते, म्हणून ती ज्याची त्याची वेगळी असते. ओला रंग ती टिपून घेतो आणि वाळल्यावर तशीच धरून ठेवतो. मापाडी रंगाच्या आरपार जाणाऱ्या लहरी सोडायचा, एकेक थर वाचायचा आणि कुठला फटकारा कुणाच्या हातचा ते सांगायचा. चित्रकाराच्या स्वतःच्या हाताचा चित्रातला हिस्सा म्हणजे हातवाटा.

पाच वर्षांत सगळा बाजार या एका आकड्यावर येऊन बसला. पूर्वी चित्राचा भाव ठरवताना माणसं तास तास भांडायची, रुसायची, क्वचित चित्राकडे बघायचीसुद्धा. आता आकडा बघितला की झालं. मोठमोठ्या नावांच्या चित्रांतून शागिर्दांचे हात निघाले, नवऱ्यांच्या चित्रांतून बायकांचे हात निघाले. ज्यांचे निघाले त्यांना कवडीही मिळाली नाही, चित्रं तेवढी मातीमोल झाली. भारतासाठी नियमावली करणाऱ्या समितीत हेमांगी होती आणि चौथा नियम तिनंच लिहिला होता: दुसरा हात हा दोष मानावा. दोष कशाला, नुसती नोंद म्हणा, असं कुणीतरी सुचवलं होतं. त्यावर हेमांगी म्हणाली होती, "भावनेला जागा ठेवली की बाजारात गोंधळ होतो." वाक्य सगळ्यांना आवडलं होतं. तिलाही आवडलं होतं.

रॉय हॅलस्टेड हा न्यूयॉर्कचा चित्रकार. साठ वर्षांपूर्वी तो हिंदुस्थानात फिरायला आला आणि कोल्हापुरात सिनेमाचे बोर्ड बघून तिथेच थांबला. तीस तीस फुटांचे चेहरे रंगवणारी माणसं त्यानं कधी बघितली नव्हती. चौदा महिने तो ज्ञानदेव हुपरीकर नावाच्या चोवीस वर्षांच्या पेंटरच्या कारखान्यात राहिला. तिथे झालेली सतरा प्रचंड चित्रं म्हणजे त्याची 'कोल्हापूर मालिका'. नुसते रंगांचे पट्टे, त्यांत ना माणूस ना झाड. अमेरिकेत या मालिकेनं तो एका रात्रीत मोठा झाला. जाताना त्यानं सहा बाय चारचं एक अठरावं चित्र पेंटरला भेट दिलं. परतल्यावर बारा-तेरा वर्षांनी तो वारला. तो पेंटर म्हणजे हेमांगीचे वडील, नाना.

लिलावघरात हेमांगीला हळू आवाजात 'बोर्डवाल्याची मुलगी' म्हणत. ती ऐकून न ऐकल्यासारखं करी, पण एकही वेळ ती विसरली नव्हती. जानेवारीच्या लिलावात हे अठरावं चित्र सत्तर कोटींना गेलं असतं आणि अमेरिकन विभागाची प्रमुख म्हणून तिचंच नाव लागलं असतं. संचालक खानोलकरांनी तसा शब्द दिला होता. आता तेवीस टक्क्यांच्या चित्राला दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूइतकाही भाव नव्हता. ती दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला गेली.

कोल्हापुरात पाय ठेवला की तिच्या तोंडातलं 'जाते'चं आपोआप 'जातो' व्हायचं. नाना मंगळवार पेठेतल्या कारखान्याच्या दारात स्टुलावर बसून एका शाळेसाठी सुविचाराची पाटी रंगवत होते. फ्लेक्स आल्यावर सिनेमाचे बोर्ड बंद पडले, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. नंबरप्लेट, दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, मिळेल ते नानांनी रंगवलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्यांच्या हातात ब्रश अजून हव्या त्या जागी बसायचा.

"नाना, रॉयच्या चित्रावर कुणी काम केलंय का?"

"मीच की. दुसरं कोन करनार?"

"कधी?"

"दर खंडेनवमीला." त्यांनी पाटीवरची मान वर केली नाही. "ब्रश धुवायचं, हळदकुकू लावायचं, पाटावर मांडायचं. पूजा झाली की त्यातल्या एका ब्रशानं कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या बोर्डावर हात मारायचा. माझ्या वस्तादानं घालून दिलेली रीत हाय. बाकीचं बोर्ड चुना मारून पुन्हा वापरात जायचं, जुनं ऱ्हायलं ते ह्येच एक."

"दरवर्षी?"

"एक साल चुकलेलं न्हाई. फिका बोर्ड भिंतीला दिसला तर गिऱ्हाईक दारातनं परत जातंय. आनि रॉयनंच सांगितलं हुतं की, पेंटर, रंग मरू देऊ नको. त्यो गेल्यावर त्येचं त्येला करता येत न्हवतं. मग कुनी करायचं?"

हेमांगीला रडावं की ओरडावं कळेना. जगातल्या कुठल्याही माणसानं ते चित्र कपाटात ठेवलं असतं, भिंतीला लावून विसरून टाकलं असतं, फार तर विकून खाल्लं असतं. पेंटरनं मात्र ते अठ्ठावन्न वर्षं जपलं, आणि जपून जपून त्याचं वाटोळं केलं.

"नाना, ते सत्तर कोटींचं चित्र होतं."

"अजून हाय की," नाना म्हणाले. "काय झालंय त्येला?"

ती म्हणाली, "थोडी दुरुस्ती करायला लागेल. त्यासाठी तुमचा हात मशिनला शिकवायचाय. मुंबईला याल?"

दुरुस्ती कसली ते नानांनी विचारलं नाही. मुलगी शिकलेली होती.

ते इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घालून आले, येताना स्वतःचे ब्रश फडक्यात गुंडाळून आणले. मापाडी चालवणारी अस्मा नावाची तरुण तंत्रज्ञ होती. तिनं त्यांच्यासमोर पांढरे तक्ते मांडले आणि दोनशे फटकारे मारायला सांगितले. आडवे, उभे, भरलेल्या ब्रशाचे, कोरड्या ब्रशाचे. नानांना परीक्षेला बसल्यासारखं वाटत असावं. प्रत्येक फटकाऱ्यानंतर ते पडद्याकडे बघत. पडद्यावर त्यांची थरथर हिरव्या रेघेत उमटत होती.

"ह्यो माझा हात व्हय?"

"हो आजोबा," अस्मा म्हणाली. "असा जगात दुसऱ्या कुणाचा नाही."

नाना हसले. साठ वर्षांत हजारभर बोर्ड रंगवले होते, पण खाली सही करायची पद्धत त्यांच्या धंद्यात नव्हती. कोपऱ्यात कारखान्याचं नाव आलं तरी पुष्कळ. ते हेमांगीकडे वळून म्हणाले, "बरं केलंस पोरी. एवढं कुनी बघितलं न्हवतं." हेमांगीनं मोबाइलमध्ये डोकं घातलं. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगता आलं असतं, आणि ते तिला पक्कं माहीत होतं.

शिकवलेला हात जगभरच्या मापाडी यंत्रांच्या एकत्र नोंदवहीत चढला आणि सोलणी सुरू झाली. मापाडीला जोडून लेसरचं यंत्र असायचं. त्याच्या किरणाचा एकेक ठोका इतका क्षणभराचा की खालच्या थराला ऊब लागायच्या आत वरचा रंग वाफ होऊन उडून जाई. कुठला हात काढायचा एवढं सांगितलं की यंत्र नेमका तेवढाच हात शोधून काढून टाकी. सगळ्यात वर गेल्या दसऱ्याचा थर होता, त्याखाली त्याच्या आधीचा. अस्मा एकेक साल मोजत खाली चालली होती.

चौथ्या दिवशी तिनं हेमांगीला बोलावलं. "या थरात थरथर दुप्पट आहे. हात तोच, पण... आजारी होते का?"

हेमांगीनं वर्ष मोजलं. त्या साली गणपतीत आई गेली होती. महिनाभरात खंडेनवमी आली. नानांनी त्या दिवशी ब्रश पुजले, चित्रावर हात मारला, आणि मग तिला शेजाऱ्यांकडून जेवायला आणलं होतं. ते रडल्याचं तिला आठवत नव्हतं. रडले होते ते इथे.

"आजारी नव्हते," ती म्हणाली. "चालू ठेव."

आणखी खाली गेल्यावर यंत्र आपणहून थांबलं. उजव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला, वीतभर लांबीचा एकच फटकारा होता आणि तो कुणाचा ते यंत्राला ठरवता येत नव्हतं. त्यात दोन थरथरी एकात एक गुंतल्या होत्या. एक नानांची. दुसरी लहान मुलाची, वय अंदाजे पाच ते सात. नानांनी लहानग्या हेमांगीच्या मुठीत ब्रश दिला असणार आणि वरून स्वतःची मूठ धरली असणार. हेमांगीनं आठवायचा खूप प्रयत्न केला, पण तिला तो दिवस आठवला नाही. पडद्यावर प्रश्न लुकलुकत होता: हा हात ठेवायचा की दोष म्हणून काढायचा?

अस्मा म्हणाली, "मॅडम, हा एवढासा कोपरा ठेवला तरी अठ्ठ्याण्णवच्या वर राहील."

"शंभरचा भाव वेगळा आणि अठ्ठ्याण्णवचा वेगळा," हेमांगी म्हणाली आणि तिनं स्वतः बटण दाबलं. खोलीत रंगातल्या जळलेल्या जवसाच्या तेलाचा वास अगदी थोडा वेळ राहिला.

जानेवारीत अठरावं चित्र अठ्ठ्याहत्तर कोटींना गेलं. हातवाटा शंभर. सोलून निघालेलं चित्र फिकट, जरा पोरकं दिसत होतं, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. आकडा बघून झाला होता. हेमांगी विभागप्रमुख झाली. पैसे नानांच्या नावावर गेले. तिनं आनंदानं फोन केला तेव्हा नानांनी एवढंच विचारलं, "पेपरात फोटू आलाय. ते आपलंच हाय?" ती हो म्हणाली. नानांनी फोन ठेवला.

या भावामुळे जगभर खळबळ उडाली. मालिकेतली सतरा मोठी चित्रं काही संग्रहालयांकडे आणि दोन गुंतवणूक कंपन्यांकडे होती. ती विकायची वेळ कधी आली नव्हती, म्हणून त्यांचं मापही कुणी काढलं नव्हतं. आता कंपन्यांना विकायचा मोह झाला आणि संग्रहालयांना विम्याची रक्कम वाढवायची होती. सगळ्यांनी मापाडी लावला. सतराच्या सतरा चित्रांत हॅलस्टेडचा हात नऊ ते चौदा टक्के निघाला. उरलेला हात आता अज्ञात नव्हता. नोंदवहीनं क्षणात जुळवून नाव सांगितलं: डी. हुपरीकर, कोल्हापूर.

खानोलकरांनी हेमांगीला केबिनमध्ये बोलावलं. शांत, मऊ बोलणारा माणूस. आवाज चढवायची गरज त्यांना कधी पडत नसे.

"सतरा चित्रांचे भाव कोसळले की आपलं अठ्ठ्याहत्तर कोटींचंही कोसळणार. हॅलस्टेडच नाही उरला तर शंभर टक्के हॅलस्टेडला काय अर्थ? घेणारा आपल्यावर दावा लावेल. दोन वाटा आहेत. एक, तुम्ही समितीला लिहा की चौथा नियम चुकला, दुसरा हात हा दोष नव्हे. मग पाच वर्षांत दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र लोक परत घेऊन येतील, आणि पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील."

"दुसरी?"

"नियमात साधन नावाचा रकाना आहेच. ब्रश, रोलर, शिडी. चित्रकाराच्या हुकमाप्रमाणे चाललेलं जे काही, ते साधन. साधनाचा हात चित्रकाराच्या हिशेबात धरतात. हुपरीकरांनी लिहून द्यायचं की हॅलस्टेड सांगेल तसा रंग मी लावला, माझं डोकं त्यात नव्हतं. एक सही. बरं झालं आपण ते अठरावं सोललं. मालक मेल्यावर पंचेचाळीस वर्षं आपणहून चालणारं साधन कुणाला पटलं असतं?"

हेमांगी खुर्चीतच बसून राहिली. नानांचा हात स्वतः विचार करतो, दरसाल वेगळा चालतो, दुःखात थरथरतो, याचा सगळ्या जगात एकच पुरावा होता आणि तो तिनं बटण दाबून वाफ करून टाकला होता. तिला स्वतःचीच किळस आली. तरी ती उठून समितीला पत्र लिहायला गेली नाही. तिनं कागद मागून घेतला.

कोल्हापुरात नाना घरात होते. कारखाना बंद होता. तिनं कागद मराठीत वाचून दाखवला. नानांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"हे खरं आहे का नाना? तो सांगेल तसंच लावायचात?"

"कागदावर त्येचं बारकं असायचं, वहीएवढं. चौकड्या पाडून मोठं करायचं. पर मोठं करताना रंग हालतोय. वहीत लाल दिसतोय त्यो वीस फुटावर चॉकलेटी होतोय. मग मी लांब उभा राहून बघायचो आनि माझ्या मनानं लावायचो. रॉय खाली बसून टाळ्या वाजवायचा. आपल्याकडचं तेवढं त्येनं सोता केलं हुतं. पयलंच. म्हनून दिलं त्येनं."

"मग कागदावरचं खोटं आहे."

"ते तुलाबी कळतंय की." नानांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "माझं सगळं खरवडल्यावर खाली काय निघालं?"

"रॉयचा हात. फिकट झालेला."

"मी त्येला फिकट होऊ दिला न्हवता."

ते रागानं बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "सही केली नाही तर माझी नोकरी जाईल नाना. नुसती नोकरी नाही, सगळंच जाईल. पंधरा वर्षांत मिळवलेलं सगळं." हे म्हणताना तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही ती म्हणाली. नानांनी नाही म्हणावं, कागद टराटरा फाडावा, असंही तिला कुठेतरी वाटत होतं. म्हणजे निदान ठरवायचं काम तिच्यावर राहिलं नसतं.

नानांनी चष्मा लावला आणि कागद हातात घेतला. शेवटच्या पानावर प्रमाणपत्राचा मसुदा होता. त्यातल्या एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "ह्यात माझं नाव कुठं हाय?"

हेमांगीनं ओळ वाचली. "साधने: ब्रश, रोलर, शिडी, डी. हुपरीकर."

"नाव बराबर लिवलंय?"

"हो."

त्यांनी तिच्याकडून पेन घेतलं आणि सही केली. हात जराही हलला नाही. सही झाल्यावर त्यांनी कागद दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. सिनेमावाले, दुकानदार, शाळेचे मुख्याध्यापक, काम संपलं की प्रत्येक गिऱ्हाइकाला नाना एकच वाक्य बोलायचे. लहानपणी दारात उभं राहून तिनं ते शेकडो वेळा ऐकलं होतं. तिला उद्देशून ते कधी आलं नव्हतं.

"बघून घ्या, मॅडम," नाना म्हणाले. "काय ऱ्हायलं असंल तर आत्ताच सांगा. पुन्हा शिडी लावनार न्हाई."

हेमांगीनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कागद नीट तपासला.

"नाही," ती म्हणाली, "सगळं बरोबर आहे."

नाना उठून आत गेले. ती कागद फाइलमध्ये घालून निघाली. निघताना कुणी तिला जेवून जा म्हणालं नाही.